पेटीतला कापूस

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठे माझा सूर उतरला तर तो वयाचा समजावा. दसरा उलटला की दारव्ह्याच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागतात. कापसाने भरलेली प्रत्येक गाडी जाताना त्यांना घासून जाते आणि त्या थोडाथोडा कापूस ओरबाडून घेतात. खिडकीतून ते दिसलं की मी गुडघ्यांवर हात ठेवून उठते, बैठकीतल्या पेटीवरची चादर काढते आणि अंगणात नेऊन झटकते. दरवर्षी वाटतं, आता पुरे. दरवर्षी उठतेच.

यंदा मी चादर झटकत होते तेव्हा सून म्हणाली, "आई, कायले एवढा त्रास करून घेता? वाजत तं नाही ते."

वाजत नाही, हे खरं. मोटार जळून कितीतरी वर्षं झाली. पण मी पेटीचा विचार करत नव्हते. मला नवल वाटत होतं ते तिच्या बोलण्याचं. कणीक मळता मळता, मान वर न करता ती मला असं सरळ विचारू शकते. तिचा सासरा होता तेव्हा त्यालाही ती असंच विचारायची, "बाबा, भाजी आळणी झाली काय?" मला माझ्या सासऱ्यांशी पहिलं वाक्य बोलायला सहा वर्षं लागली. आणि ते वाक्यही काही चांगलं नव्हतं.

ही एकोणीसशे साठच्या आगेमागची गोष्ट. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, तेही मनात. तोंडाने म्हणायचा प्रसंगच नव्हता. सुनेने सासऱ्यापुढे डोक्यावर पदर घ्यायचा, दाराआड उभं राहायचं आणि बोलायचं नाही. जे काय असेल ते सासूबाई इकडून तिकडे न्यायच्या. त्या गेल्या आणि आमच्या दोघांमधला निरोप्याच गेला. हे दिवसभर शेतात. घरात मी, मामाजी आणि अंगणात बांधलेली गाय. मग मामाजींनी निरोपाचं काम गाईकडे दिलं. ओट्यावर बसून ते मोठ्याने म्हणायचे, "कपिले, सूनबाईले सांग, आज भाकर अर्धीच घेईन." मी आतून ऐकायची आणि अर्धी भाकर वाढायची. पहिल्यांदा हसू आलं, मग सवय झाली. कपिलेने एकही निरोप कधी चुकवला नाही, एवढं मात्र खरं.

पेटी आली ती बंडीतून. गावाबाहेरच्या जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, साहेबाचा बंगला पाडायला काढला होता. साहेब केव्हाच विलायतेला गेला होता आणि त्याची पेटी मागच्या पडवीत पडून होती. तिच्यावर कोंबड्या बसायच्या. उंच, काळसर लाकडाची, एकसष्ट पट्ट्यांची, आणि खाली पाय मारायला पावड्याच नाहीत. पोटात विजेचा पंखा. मामाजींनी तो पाहिला आणि पेटी घरी आणली. तरुणपणी ते घरातून पळून एका नाटक मंडळीत गेले होते. चार वर्षं पायपेटीवर साथ केली. मग वडील शोधत आले आणि त्यांनी हात धरून आणून नांगराला जुंपलं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षं त्यांच्या पायांनी ढेकळं तुडवली. आता गुडघे गेले होते. पाय मारायची पेटी त्यांना वाजवता आली नसती. म्हणून ही विजेची. कपिलेला त्यांनी त्या दिवशी सांगितलं, "हिले पाय मारा लागत नाही. एक नांदी पुरी वाजवतो हिच्यावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मंग देवानं नेलं तरी चालन."

नांदी म्हणजे नाटकाच्या आधीचं देवाचं गाणं. वडील न्यायला आले ते नांदी चालू असतानाच आले होते आणि अर्ध्यातून उठावं लागलं होतं, असं सासूबाई एकदा बोलल्या होत्या. एवढं एकच त्यांचं उरलेलं होतं. शेत, बैल, लेकाचं लग्न, सगळं पार पाडून झालं होतं.

त्या पेटीने घरात काय काय आणलं ते विचारू नका. आतला कापडी भाता कुजला होता, तर मेंढीचं पातळ कातडं आलं. ते चिकटवायला सरस आला. सरस शिजवला की घरभर असा वास सुटे की भाकरीलाही तोच वास यायचा. साहेबाच्या कारखान्यातली वीज वेगळी आणि आमच्या आळीत नुकतीच आलेली वीज वेगळी, त्यामुळे जुनी मोटार चालेना. यवतमाळच्या एका मिस्त्रीने दुसरी बसवून दिली. ती सुरू केली की पीठगिरणीसारखा आवाज व्हायचा. हे जेवताना म्हणायचे, "बाबा, हे वाजन तवा वाजन, आता तं घर हालून राह्यलं." मामाजी ताटातली भाकर मोडत राहायचे. मी मात्र मनात यांच्या बाजूने असायची. पहाटे उठून सडा, दळण, पाणी, शेतात डबा, आणि आल्यावर बैठकीत लाकडाचा भुसा. तो झाडायचं काम माझंच होतं.

मग सूर लावायची वेळ आली आणि माझी गरज पडली. या पेटीत प्रत्येक पट्टीमागे पितळेच्या दोन बारीक जिभा होत्या, त्यांनाच सूर म्हणतात. टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. घासणारा मागे बसतो, फळी काढून, आणि पुढे कोणीतरी पट्टी दाबून धरावी लागते. माझ्या वडिलांची भजनी मंडळी होती, त्यामुळे मला कान होता. हे मामाजींना कुठून कळलं कोण जाणे. एके दिवशी दुपारी आवाज आला, "कपिले, सूनबाईले विचार, काळी चार कुठं असते ठाऊक हाय काय?"

मी पदर ओढून पेटीसमोर बसले आणि काळी चार दाबली.

तेव्हापासून रोज दुपारी तासभर आमचं चालायचं. नवी जिनिंग चालू असली की आळीतली वीज मंदावायची, दिवा तांबडा व्हायचा आणि पंख्याची ओढ कमी पडायची. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की वीज भरून यायची. तेवढाच तास आमचा. ते मागे, मी पुढे, मध्ये ती उंच पेटी. त्याहून चांगला आडोसा कुठला? कपिलेचीही गरज राहिली नाही. ते विचारायचे, "चढला काय?" मी पट्टी एकदा दाबली तर हो, दोनदा दाबली तर नाही. "अजून?" एकदा. "झाला?" एकदा, लांब. संगीताचं प्रेम वगैरे म्हणाल तर ते नंतर आलं. आधी प्रेम होतं ते बसायला मिळण्याचं. दिवसभरात तो एकच तास असा होता की मी बसलेली असायची आणि कोणी मला आळशी म्हणू शकत नव्हतं.

दोन वर्षं अशी गेली. एकशे बावीस सुरांपैकी दहाबारा राहिले होते, आणि मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. कानस जिभेवर ठेवायची ती लाकडावर पडू लागली. यवतमाळला ऑपरेशन ठरलं. तेव्हा महिनाभर पट्टी बांधून पडून राहावं लागे. निघताना त्यांनी गाईच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "सूनबाईले सांग, पेटी जप म्हणा. कचरा जाईन आत."

नेमकी तीच वेळ कापूस घरात यायची. पहिल्या वेचणीआधी आम्ही शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतो, कपाशीच्या पऱ्हाटीवर दही शिंपडतो, त्याला सीतादही म्हणतात. ते केलं आणि दुसऱ्या दिवसापासून वेचणी. पाठ वाकवून बोंडातला कापूस वेचायचा, कमरेच्या ओटीत भरायचा, गाठोडं डोक्यावर घेऊन यायचं आणि बैठकीत ओतायचं. तेव्हा भाव चढेस्तोवर कापूस घरातच ठेवत. आठ दिवसांत बैठक खिडकीपर्यंत भरली. पेटी कापसात गळ्यापर्यंत बुडाली. हवेत तंतू उडत होते आणि मला एकसारखं वाटे, हे आत जाणार. ही पेटी वारा फुंकत नाही, ओढते. जे उडेल ते सगळं ओढून घेईल.

आमच्याकडे जपायची वस्तू कापसात ठेवतात. आठव्या महिन्यात झालेलं लेकरू कापसात ठेवतात, कंदिलाची काच कापसात ठेवतात, पिकायला घातलेली सीताफळं कापसात ठेवतात. मी फळी काढली आणि पहिल्या वेचणीचा, दुधासारखा पांढरा कापूस आत भरला. भात्याभोवती, पंख्याभोवती, सुरांच्या ओळींखाली, एक फट ठेवली नाही. इतकं निगुतीने मी माझं अंथरूणही कधी घातलं नसेल. सरकी काढायचं मनात आलं नाही असं नाही. पण त्या दिवशी मी चौदा तास उभी होते. एकेक बी काढत बसायला बोटांत जीव नव्हता. फळी लावली आणि समाधानाने झोपले.

सरकी म्हणजे उंदरांचं पक्वान्न. आणि शेजारी सरस लावलेलं कातडं.

महिन्याने मामाजी आले, डोळ्यांवर हिरवं फडकं, हाताला धरून यांनी आणलेले. बसल्या बसल्या म्हणाले, "पेटी लाव." यांनी कापूस बाजूला सारला, फळी काढली. दोन उंदीर यांच्या पायांवरून पळाले. आत काही उरलं नव्हतं. कातड्याच्या चिंध्या, काळा पडलेला ओला कापूस, सरकीची फोलपटं, आणि सुरांच्या फटींत कुटून बसलेले तंतू. वास असा की यांनी नाकाला धोतर लावलं.

"कोनं भरला हा कापूस?" हे ओरडले. "सरकीसगट! उंदरायले जेवणाचं आवतन देल्लं काय?"

मी दाराआड उभी होते. पदर डोक्यावर होता, तो मी आणखी खाली ओढला. बोलायला तोंड उघडलं असतं तर बोलता आलं असतं, यांच्याशी तर मी बोलायचीच. पण मामाजी समोर होते, आणि मामाजींपुढे बोलायचं नसतं. पद्धत माझ्या किती सोयीची आहे हे मला त्या दिवशी समजलं.

मामाजींनी फडक्याखालून मान माझ्या दाराकडे वळवली. मग म्हणाले, "म्या भरला. जायच्या आदल्या दिवशी."

"तुमी? बाबा, सारी जिनगानी कापसात गेली तुमची! सरकीले उंदीर येते हे लेकरालेही समजते."

"चुकलं गड्या," मामाजी म्हणाले.

हे दोन दिवस बडबडत होते. ओट्यावर आलेल्यांनाही हसत हसत सांगितलं, "बाबानं उंदीर पोसले पेटीत." कापसाच्या शेतकऱ्याला यापेक्षा मोठा कमीपणा नसतो. लोक हसायचे आणि मामाजीही हसायचे. मी आतून चहा पाठवायची.

पुढे वर्षभर मी ती पेटी साफ केली. भरतकामाच्या सुईने एकेका सुरातला तंतू काढायचा, मऊ धोतराच्या चिंधीने पितळ पुसायचं. एकशे बावीस. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, शेवटचा सूर पुसून झाला की छातीवरचं ओझं उतरेल. शेवटचा पुसला आणि काहीच उतरलं नाही, फक्त मान दुखत राहिली. आजही थंडीत दुखते. मामाजींनी पुन्हा कातडं आणलं, पुन्हा सरस शिजला. जाड भिंगाचा चष्मा आला होता, पण त्यातून पितळेची जीभ त्यांना दिसत नव्हती. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्याकडे वर्षं फारशी उरली नव्हती, आणि त्यातलं एक मी खाल्लं होतं, उंदरांनी नव्हे.

दुसऱ्या वर्षीचा दसरा उलटला. दुपारी भोंगा झाला. मी सवयीने पेटीसमोर बसायला गेले, तर तिथे मामाजी बसलेले. ते गाईकडे पाहून म्हणाले, "कपिले, सांग, कानस आता तिनं धरा लागते. मले दिसत नाही."

मी मागे गेले. फळी काढून आत वाकले. कानस धरायला शिकावं लागलं नाही, दोन वर्षं आवाज ऐकला होता. पण एक अडचण झाली. पट्ट्या आता त्यांच्याकडे होत्या. माझ्याकडे 'हो' म्हणायला काही नव्हतं.

"घासला काय?" त्यांनी विचारलं. मी कानशीने लाकडावर एकदा ठोकलं. चाललं. "अजून घास." ठोकलं. मग एका दुपारी एक सूर काही केल्या जागेवर येईना. त्यांनी पट्टी धरून ठेवली होती. तो सूर घरभर नुसता रेंगाळत होता.

"कुठं घासून राह्यली? टोकाशी का बुडाशी?"

याला ठोकून उत्तर देता येत नव्हतं. एकदा ठोकलं काय आणि दोनदा ठोकलं काय. कपिला बाहेर चरायला गेली होती. मी तोंड उघडलं, आणि सांगायचं होतं 'टोकाशी', पण निघालं ते वेगळंच.

"मामाजी, कापूस म्या भरला होता."

पट्टी तशीच दाबलेली होती. सूर चालू होता. मला वाटलं, आता तो थांबेल आणि मग काय होईल ते होईल. तो थांबला नाही.

"ते मले माहीत हाय," ते म्हणाले. "टोकाशी का बुडाशी, ते सांग."

"टोकाशी."

"मंग बुडाशी घास. चढला हाय तो."

एवढंच. मी रडत रडत घासला, त्यामुळे जरा जास्तच उतरला. पुन्हा टोकाशी घ्यावा लागला.

पेटी सुरात लागली त्या दिवशी मामाजींनी अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं. भोंगा झाला. मी मागेच बसले होते, फळी उघडी ठेवून, काही अडलंच तर असावं म्हणून. त्यांनी नांदी सुरू केली. मी नाटक कधी पाहिलं नव्हतं. पण ती बैठक, खिडकीपर्यंत कापूस, आणि त्या कापसाने मोटारीचा खडखडाट गिळून टाकलेला तो आवाज, इतका भरलेला आवाज मी आधीही ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. निम्म्यावर आली आणि वीज गेली. मंदावली नाही, गेलीच. पंखा फिरायचा थांबला आणि पेटीने मान टाकली.

समोरून नुसत्या पट्ट्यांचा टकटक आवाज आला. मग तोही थांबला. पन्नास वर्षांपूर्वी थांबली होती तशीच, अर्ध्यात. मामाजी उठतायत असं मला वाटलं, चौकीचा आवाज झाला.

मी भात्याला दोन्ही हात लावले आणि दाबला. आतली हवा बाहेर गेली. हात सोडला तसा आतल्या स्प्रिंगांनी भाता फुगला आणि सुरांतून वारा ओढला गेला. पेटी पुन्हा बोलली. दोन ओळी टिकली, मग पुन्हा दाबायला हवं. मी दाबेपर्यंत सूर तुटायचा. पहिल्यांदा त्यांची बोटं पुढे गेली. दुसऱ्यांदा ते थांबले. तिसऱ्यांदा मी कुठे दम घेते ते त्यांना कळलं होतं, आणि तिथेच ते ओळ संपवू लागले, गाणारा श्वासाला थांबतो तसे. माझे खांदे पेटले होते. पदर कधीच खांद्यावर आला होता. मला एवढंच दिसत होतं की कातडं खाली जातं आणि वर येतं. शेवटची ओळ आली आणि संपली.

दारात हे उभे होते, डोक्यावर कापसाचं गाठोडं तसंच. केव्हा आले कळलं नाही.

"बाबा, लाइन तं गेली ना! हे वाजलं कसं?"

"म्या वाजवली," मामाजी म्हणाले.

गेल्या वर्षीही ते असंच म्हणाले होते, याच जागी, याच आवाजात. मी पेटीमागून उठले. केसांत तंतू, हात कोपरापर्यंत धुळीने भरलेले.

"भाता म्या दाबला," मी यांना म्हणाले, मामाजींच्या समोर, मोठ्याने. "आन् गेल्या साली कापूसही म्याच भरला होता. सरकीसगट. त्यायनं नाही."

यांनी गाठोडं खाली टाकलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे. ज्या माणसाची त्यांनी वर्षभर गावभर थट्टा केली होती, तो चष्मा काढून धोतराने भिंगं पुसत बसला होता. मग हे खाली बसले आणि वडिलांच्या पायांना हात लावला, सणवार नसताना.

मामाजींनी चष्मा घातला. मी अजून उघड्या डोक्याने उभी होते, आता काय करावं हे मला कळत नव्हतं. त्यांनी मान अंगणाकडे फिरवली. अंगण रिकामं होतं, गाय अजून परतायची होती.

"कपिले," ते म्हणाले, "सूनबाईले सांग, तिसऱ्या ओळीत दम थोडा लवकर घेतला."

मी पदर डोक्यावर घेतला आणि चहा ठेवायला आत गेले. दोन दिवस हात वर होत नव्हते.